वाचकांचे प्रश्न : पॅडल शिफ्टर बसवायचे, मग सेंटर कन्सोल कसा काढायचा?

बाजारातून आणलेले पॅडल शिफ्टर, म्हणजे स्टिअरिंगमागे बसणारे गिअर बदलायचे स्विच, ऑटोमॅटिक गाडीला बसवण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत. पहिल्या उत्तरात कामाची बहुतेक माहिती आली आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : माझ्या सेडानला ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे. लिव्हर डीमधून बाजूला ओढला की प्लस-मायनस मिळतं, पण स्टिअरिंगवर पॅडल नाहीत. वायरलेस पॅडल किट मागवलं आहे. सोबतच्या कागदावर 'कन्सोल काढून रिसिव्हर लिव्हरच्या वायरिंगला जोडा' एवढंच लिहिलंय. घरी करता येईल का? कन्सोल (पुढच्या दोन सीटांमधला, लिव्हरभोवतीचा भाग) कुठल्या क्रमाने काढायचा? (वाचक, नाशिक)

उत्तर : येईल, पण पहिलं काम पाना घेऊन नाही, मल्टिमीटर घेऊन करायचं. तुमच्या किटमधलं पॅडल गिअरबॉक्सला स्वतः काहीच सांगत नाही. लिव्हरच्या प्लस-मायनस स्विचला समांतर जोडलेला तो दुसरा स्विच आहे. लिव्हरचा स्विच कुठल्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय किट चालेल की नाही ते कुणीच सांगू शकत नाही, आणि हे कळायला बहुतेक गाड्यांत अख्खा कन्सोल काढावा लागत नाही. लिव्हरभोवतीची वरची पट्टी उचलली की बुडाशी कनेक्टर दिसतो. कित्येकदा सगळं काम तेवढ्याच उघडझापीत होऊन जातं.

पट्टी प्लास्टिकच्या पात्याने मागच्या कडेकडून उचला. स्क्रूड्रायव्हर लावलात तर कडेवर पांढरा ओरखडा उठतो आणि तो जात नाही. पट्टीखालच्या स्विचचे कनेक्टर चाचणीपुरते तसेच राहू द्या. काही गाड्यांत पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगचा दिवा याच भागात असतो. तो सुटलेला असताना चावी फिरवली की एअरबॅगचा फॉल्ट नोंदला जातो.

आता हँडब्रेक लावा, चाकांना ओट (पुढे-मागे अडकवायचा दगड किंवा ठोकळा) द्या, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा आणि लिव्हर मॅन्युअलमध्ये घ्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूला लावा. लाल पिनेने कनेक्टरच्या मागच्या बाजूने, बारीक टाचणी आत सरकवून, एकेक तार तपासा. वायरचं आवरण टोचू नका, तिथून पुढे पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. एखाद्या तारेवर १२ किंवा ५ व्होल्ट दिसतात, लिव्हर प्लसकडे ढकलला की ते शून्यावर येतात आणि सोडला की परत चढतात. ती अपशिफ्टची तार. मायनसची तशीच सापडते. दोन्हींचे रंग आणि पिनांच्या जागा लिहून फोटो काढा. स्विच या साध्या प्रकारचा असेल तर किट बसेल.

एकाच तारेवर प्लसला एक आणि मायनसला दुसरा व्होल्टेज दिसत असेल, तर आत रेझिस्टर आहेत. अशा तारेला रिसिव्हर थेट जोडायचा नाही. इग्निशन बंद करून लिव्हरचा कनेक्टर सोडा, लिव्हर प्लसला आणि मायनसला धरून प्रत्येक वेळी किती ओहम येतात ते मोजा, आणि तेवढ्याच किमतीचे रेझिस्टर रिसिव्हरच्या दोन आउटपुटना लावा. आणि लिव्हर हलवूनही कुठल्याच तारेवर ठळक बदल दिसत नसेल, तर लिव्हरमधलं सर्किट गिअरबॉक्सशी डेटा लाइनवरून बोलतं. तिथे हे किट चालणार नाही. पट्टी परत लावा आणि किट परत करा.

किटचं आउटपुट कसलं आहे तेही आत्ताच पाहा. आपल्याला क्षणभर ग्राउंड देणारं, म्हणजे तार बॉडीशी (बॅटरीच्या मायनसशी) जोडणारं आउटपुट हवं. काही स्वस्त किट १२ व्होल्ट बाहेर देतात. ५ व्होल्टच्या इनपुटवर १२ व्होल्ट गेले तर गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा तो भाग जळू शकतो. किट काही हजारांचं असतं, युनिटची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

आता प्रत्यक्ष कन्सोल. १० मिलिमीटरचा सॉकेट, १५० मिलिमीटरचं एक्स्टेन्शन, २ नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकची पाती, मास्किंग टेप, टॉर्च आणि स्क्रू ठेवायला कप्प्यांचा डबा घ्या. पहिल्यांदा करत असाल तर अर्धा दिवस राखून ठेवा.

बॅटरी सोडण्याआधी लिव्हर न्यूट्रलमध्ये घ्या. ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. बॅटरी सुटली की शिफ्ट लॉकचा सोलेनॉइड (लिव्हरची अडक सोडणारा विजेवरचा खटका) काम करत नाही, लिव्हर पार्कमध्येच अडकतो आणि कन्सोल त्यावरून मागे सरकत नाही. तसं झालंच तर लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं. त्याखालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबला की लॉक सुटतं. गाडी न्यूट्रलमध्ये राहणार म्हणून चारही बाजूंनी चाकांना ओट द्या. हाताचा ब्रेक असेल तर तो पूर्ण वर ओढा, कारण तो खाली असला तर कन्सोल त्यालाच अडतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर तो बॅटरी सोडण्याआधी लावून ठेवा.

सीट मोटरवर चालत असतील तर क्रम बदला. आधी सीट पूर्ण पुढे घेऊन कन्सोलचे मागचे बोल्ट काढा, मग सीट पूर्ण मागे न्या, आणि मगच बॅटरीकडे वळा.

बॅटरीची मायनस वायर सोडा, ती टर्मिनलला परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा आणि १० मिनिटं थांबा. बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये दीड ते तीन मिनिटं सांगतात, पण आपण घाईत नाही. एअरबॅगच्या युनिटमधले कपॅसिटर बॅटरी सुटल्यावरही काही काळ भरलेले असतात आणि ते युनिट नेमकं कन्सोलखाली, मधल्या उंचवट्यावर बसवलेलं असतं. धातूचा चपटा डबा, वर गाडीच्या पुढच्या दिशेचा बाण, शेजारी पिवळा कनेक्टर. हा डबा दिसला की एवढंच लक्षात ठेवा : त्याचे बोल्ट सैल करायचे नाहीत, पिवळा कनेक्टर ओढायचा नाही, रिसिव्हर त्यावर चिकटवायचा नाही आणि त्याच्या ग्राउंड बोल्टवरून आपला ग्राउंड घ्यायचा नाही.

मग नॉब. काही गाड्यांत तो उलटा फिरवून निघतो, काहींत समोरून स्क्रू किंवा क्लिप असते, काहींत सरळ वर खेचावा लागतो. आधी क्लिप आणि स्क्रू शोधा. बटणवाला नॉब जोरात फिरवला तर आतला दांडा मोडतो आणि नवा नॉबच घ्यावा लागतो. पुढे वरची पट्टी पूर्ण सोडा, यूएसबी आणि १२ व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटचे कनेक्टर काढा, प्रत्येकावर मास्किंग टेपने नंबर घाला. कपहोल्डरमधली रबरी मॅट आणि आर्मरेस्टच्या डब्यातलं कापड उचला. बहुतेक वेळा दोन बोल्ट तिथे दडलेले असतात. पुढे पायांकडच्या बाजूला, दोन्हीकडे, कार्पेटला लागून एकेक स्क्रू किंवा पुश क्लिप असते. सगळं काढूनही कन्सोल हलत नसेल तर जोर लावू नका. एखादा बोल्ट राहिला आहे, टॉर्च घेऊन शोधा. मोकळा झालेला कन्सोल मागून थोडा उचला आणि मागच्या सीटकडे सरकवा. मागच्या प्रवाशांना एसीचं व्हेंट असेल तर त्याची नळी याच वेळी निसटते. ती कुठे बसली होती ते बघून ठेवा.

जोडणीसाठी बाजारातले निळे-लाल टी-टॅप (तार न सोलता तिच्यावर दाबून बसवायच्या क्लिपा) वापरू नका. लिव्हरच्या तारा अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आसपास बारीक असतात. टॅपचं पातं त्यातले दोन-चार धागे कापतं आणि काही महिन्यांनी खड्ड्यातून जाताना गिअर मध्येच बदलू लागतो. सोल्डर करून हीट श्रिंक घाला. तुमच्या कनेक्टरची नर-मादी जोडी मिळत असेल तर मधला छोटा हार्नेस करून घ्या, म्हणजे मूळ तार कापावीच लागत नाही. वॉरंटीतल्या गाडीला आम्ही हाच मार्ग सुचवू.

रिसिव्हरला १२ व्होल्ट इग्निशनवर चालू होणाऱ्या तारेवरून द्या, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज. चार्जिंग सॉकेटची तार जवळ असते आणि चालते, पण तिचा स्वतःचा १५ अँपिअरचा फ्यूज आपल्या बारीक तारेला वाचवणार नाही. गाडी बंद असतानाही सुरू राहणाऱ्या तारेवर जोडू नका. रिसिव्हर २० मिलिअँपिअर जरी खात असला तरी महिनाभरात जवळजवळ साडेचौदा अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीसाठी हे फार झालं. रिसिव्हर कपहोल्डरच्या थेट खाली ठेवू नका, सांडलेला चहा तिथेच उतरतो. हिटरच्या नळीजवळही नको. लिव्हरच्या केबलपासून लांब, पुढच्या बाजूला उंचावर बांधा. तारांवर कापडी हार्नेस टेप गुंडाळा.

कन्सोल बसवण्याआधी बॅटरी जोडावी आणि किट चालवून पाहावं असं वाटणारच. पाहा, पण आधी सोडलेले सगळे कनेक्टर परत लावा, मगच चावी फिरवा. लिव्हर पार्कपासून मॅन्युअलपर्यंत दोनदा न्या. कुठेही तार ओढली जाऊ नये आणि पार्क पूर्ण बसला पाहिजे. अर्धवट पार्कमध्ये राहिलेली गाडी उतारावर सुटते. सगळं बसवून झाल्यावर खिडक्यांचं एका स्पर्शात वर जाणं बंद झालेलं दिसेल. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ते परत येतं. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि थोडं सरळ चालवा, तो जातो.

पॅडल स्टिअरिंगच्या आऱ्यांच्या मागे, क्लॅम्पने बसतील असेच घ्या. मधल्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या कडेवर काहीही चिकटवायचं नाही. एअरबॅग उघडली तर ती वस्तू तोंडावर येते. वायपर आणि इंडिकेटरच्या दांड्या बोटांना आधीसारख्याच मिळतात ना, तेही पाहा. पॅडलमध्ये सहसा सीआर २०३२ हा बटण सेल असतो. एक जास्तीचा गाडीत ठेवा.

प्रश्न : इलेक्ट्रिशियनकडून वायरलेस पॅडल बसवून घेतले. लिव्हर मॅन्युअलमध्ये न घेता डीमध्येच चालावेत म्हणून त्याने 'एक तार कायमची ग्राउंड केली'. दोन दिवस चाललं. आता चेक इंजिनचा दिवा आहे, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, स्कॅनरवर पी ०८२६ दिसतो. गिअरबॉक्स गेला का? (वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. पी ०८२६ हा अप-डाउन शिफ्ट स्विचच्या सर्किटचा कोड आहे. त्याचे भाऊबंद पी ०८१५ अपशिफ्टचा आणि पी ०८१६ डाउनशिफ्टचा. तिन्ही वायरिंगकडे बोट दाखवतात.

लिव्हरमध्ये प्लस आणि मायनसखेरीज तिसरा स्विच असतो, लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत आल्याचं सांगणारा. ती तार कायमची ग्राउंड केली म्हणजे कंट्रोल युनिटला एकीकडून 'लिव्हर डीमध्ये' आणि दुसरीकडून 'लिव्हर मॅन्युअलमध्ये' असे दोन निरोप एकाच वेळी मिळतात. रिव्हर्स आणि पार्कमध्येही तोच मॅन्युअलचा निरोप सुरू राहतो. युनिट काही काळ सहन करतं, मग कोड नोंदवून गाडी संरक्षक मोडमध्ये टाकतं. एकच गिअर राहणं हे त्याचंच लक्षण.

ती तार आधी मोकळी करा. मग रिसिव्हरचा कनेक्टर काढा, कोड पुसा आणि फक्त लिव्हरने गाडी चालवून पाहा. कोड परत आला नाही तर मूळ वायरिंग ठीक आहे. मग रिसिव्हर जोडून पाहा. आता आला तर दोष रिसिव्हरमध्ये, किंवा तुमच्या गाडीत वर सांगितलेले रेझिस्टर आहेत आणि त्यांना थेट ग्राउंड मिळतोय. रिसिव्हर काढूनही कोड येत असेल तर टॅप केलेल्या जागी धागे तुटले आहेत किंवा कन्सोल बसवताना तार चिमटली आहे. पहिल्या उत्तरातली व्होल्टेजची चाचणी तिथे परत करा.

डीमध्ये पॅडल चालणं हा सॉफ्टवेअरचा भाग आहे. कंपनीने तो दिला नसेल तर तार जोडून येत नाही. पॅडल वापरायचे असतील तेव्हा लिव्हर मॅन्युअलमध्ये घ्या. आंबा किंवा कशेडीसारख्या घाटात उतरताना तसं करणं योग्यच आहे, गाडी ब्रेकऐवजी इंजिनवर धरली जाते.

प्रश्न : माझ्या गाडीच्या लिव्हरवर पी, आर, एन, डी, २ आणि एल एवढंच आहे. कन्सोल काढून पॅडल बसवता येतील का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. पॅडलला समांतर जोडायला प्लस-मायनसचा स्विच हवा, तो तुमच्या गाडीत नाही आणि कंट्रोल युनिटमध्ये त्यासाठी जागाही नाही. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' म्हणून विकल्या जाणाऱ्या किटवर पैसे घालू नका. उतारावर २ किंवा एल वापरा. वेग कमी करून मगच लिव्हर खाली आणा, उतार संपला की परत डीमध्ये.

प्रश्न : पोलो जीटी टीएसआय, ७ स्पीड डीएसजी. लिव्हरला प्लस-मायनस आहे, पॅडल नाहीत. माझ्यासाठीही कन्सोल काढणं हाच मार्ग का? (वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्यासाठी नाही. या कंपनीच्या गाड्यांत मूळ पॅडलचा निरोप स्टिअरिंगमधल्या मॉड्यूलकडून लिन या डेटा लाइनवरून स्टिअरिंग कॉलमच्या कंट्रोल युनिटकडे जातो आणि तिथून कॅन या दुसऱ्या डेटा लाइनवरून गिअरबॉक्सकडे. म्हणजे पॅडल असलेलं स्टिअरिंग किंवा त्याची जोडणी, त्याला चालणारं मॉड्यूल, तो निरोप वाचू शकणारं कॉलम युनिट आणि शेवटी डायग्नॉस्टिक टूलने कोडिंग, अशी साखळी आहे. यातलं एक जरी जुळलं नाही तरी पॅडल नुसते शोभेचे राहतात. काम देण्याआधी कोडिंग करणाऱ्याकडून तुमच्या कॉलम युनिटचा पार्ट नंबर वाचून घ्या, सुटे भाग त्यानंतर घ्या. कन्सोलला हात लावायची गरज नाही.

बाजारात मिळणारे मोठे ॲल्युमिनियमचे पॅडल हे आधीच असलेल्या पॅडलवर चिकटवायचे असतात. तुमच्या गाडीत ते चिकटवायला खालचं पॅडलच नाही.

प्रश्न : माझ्याच गाडीच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीचे पॅडल येतात. तेच स्विच घेऊन बसवले तर कन्सोल उघडावा लागणार नाही ना? आणि स्टिअरिंग घरी काढलं तर चालेल का? (वाचक, पणजी)

उत्तर : कंपनीचे वायरचे पॅडल मिळत असतील तर वायरलेसपेक्षा ते चांगले. सेल बदलावा लागत नाही, जागा नेमकी असते. पण आधी दोन गोष्टी पाहा. स्टिअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी हॉर्न आणि एअरबॅगचं कनेक्शन राखणारी गुंडाळलेली पट्टी. तुमच्या व्हेरिअंटच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये पॅडलच्या पिना आहेत का, आणि डॅशबोर्डच्या हार्नेसमध्ये त्या पुढे गेल्या आहेत का? खालच्या व्हेरिअंटमध्ये बऱ्याचदा दोन्ही नसतं. मग क्लॉक स्प्रिंगही घ्यावी लागते आणि तारा तिच्यापासून लिव्हरच्या कनेक्टरपर्यंत न्याव्या लागतात. म्हणजे कन्सोल आलाच.

स्टिअरिंग घरी काढू नका, असंच आम्ही सांगू. त्यासाठी चालकाची एअरबॅग हातात घ्यावी लागते, आणि ती स्फोटक चार्जवर चालते. हे काम एअरबॅगचं प्रशिक्षण असलेल्या तंत्रज्ञाचं आहे. त्याच्याकडे देतानाही चार गोष्टी विचारा. पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग काढणार का? शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर खूण करणार का? क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक करणार का? ती प्रत्येक बाजूला साधारण अडीच फेरेच फिरते. मध्यावरून सरकलेली बसवली तर गाडी वळवताना पूर्ण लॉकला पट्टी तुटते, हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो. आणि मधला नट किंवा बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळणार का? काही कंपन्या तो बोल्ट दर वेळी नवा घालायला सांगतात.

हे काम करून आल्यावर चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तेही बरं लक्षण नाही, बल्ब किंवा सर्किट बंद असू शकतं. दिवा सतत राहिला तर साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर कोड दिसेलच असं नाही, त्यातले बरेच फक्त इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅग युनिट वाचणारा स्कॅनर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच गाडी न्या, आणि तोवर ती कामापुरतीच चालवा, कारण दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नसते.